पारवीचे खूर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की घाटातल्या वाटेनं तेव्हा चाक कसलं ते पाहिलं नव्हतं. खालून मीठ वर जायचं आणि वरून धान्य खाली यायचं, ते सगळं घोड्यांच्या पाठीवरून.

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं. गावात घरटी एक तरी घोडी होती. पावसाळा सरला, ओढ्यांचं पाणी उतरलं, की साऱ्या घोड्या एका ओळीत उभ्या राहायच्या आणि तांडा घाट चढायला लागायचा. ओळीतल्या पहिल्या घोडीच्या गळ्यात पितळेची घंटा असे. वळणावर धुकं दाटलं, तरी मागची जनावरं त्या घंटेच्या आवाजामागं बिनघोर चालत. म्हणून पुढं कुठली घोडी असावी, हे तांड्याचा म्होरक्या मोठ्या विचारानं ठरवी. तो मान मिळालेल्या घराकडं गाव वेगळ्या नजरेनं बघे.

हा मान सलग सहा वर्षं हैबतीच्या घोडीला मिळाला होता. कबुतराच्या रंगाची ती घोडी. तिचं नाव पारवी. हैबती तिच्याशेजारून चालायचा तेव्हा त्याची मान आपोआप ताठ व्हायची.

सातव्या वर्षी काय झालं, घाटातल्या अरुंद कड्यावर पारवी बुजली. एक दगड घरंगळत खाली गेला आणि ती जागच्या जागी थबकली. मागची सारी ओळ खोळंबली. कुणाला इजा झाली नाही. पण पुढच्या खेपेला म्होरक्यानं घंटा सोडवली आणि शेजारच्या साळूबाईच्या घोडीच्या गळ्यात बांधली.

"एक हंगाम तिला मागून चालू दे," म्होरक्या हैबतीला म्हणाला. "भीती मोडली की बघू."

साळूबाई विधवा होती. तिचा नवरा हैबतीचा मित्र. तो गेल्यावर त्याची तांबूस घोडी, केशर, ती एकटीच सांभाळत होती आणि तांड्याबरोबर स्वतः घाट चढत होती. हैबती तिला वहिनी म्हणे, ती त्याला भावजी म्हणे. दोन्ही घरांच्या मधे फक्त एक काटेरी कुंपण होतं.

त्या हंगामात हैबती पहिल्यांदा मागून चालला. पुढं घंटा वाजत होती आणि तिच्या प्रत्येक ठोक्याला त्याच्या छातीत काहीतरी टोचत होतं. पुढच्या जनावरांची धूळ त्याच्या तोंडावर येत होती. ती धूळ आधीची सहा वर्षं इतर सगळे खात आले होते, हे त्याच्या मनातही आलं नाही. त्याला वाटलं, ही धूळ माझ्यासाठीच उडवलीय.

हंगाम संपला. पावसाळा लागला. घोड्या घरी बांधल्या गेल्या. आणि हैबतीला कुंपणापाशी उभं राहायची सवय लागली.

साळूबाई केशरला खरारा करते आहे, ते तो बघे. केशर किती खाते, किती पिते, तिची कांती कशी दिसते, ते तो बघे. मग घरात येऊन बायकोला सांगे, "केशरची पाठ बघितलीस? तेल लावल्यासारखी चमकतेय. पोरीसारखं लाडावून ठेवलंय तिला."

त्याची बायको सगुणा शांत स्वभावाची होती. ती म्हणे, "चमकू दे की. आपल्या पारवीला काय कमी आहे?"

पण हैबतीच्या डोक्यात एक विचार घट्ट बसला होता. येत्या हंगामात पारवी अशी दिसली पाहिजे, की म्होरक्यानं दुसरीकडं बघताच कामा नये. त्यानं पारवीची चंदी वाढवली. सकाळी भिजवलेल्या हरभऱ्याचा एक तोबरा असे, त्याचे दोन केले. मग संध्याकाळचा एक सुरू केला. पावसाळ्यात घोडीला काम नाही, चालणं नाही, ओझं नाही. ती दावणीला उभी राहून नुसती खात होती.

"अहो, एवढं दाणं कशाला?" सगुणा म्हणाली. "बसून खाणाऱ्या जनावराला ते पचायचं नाही."

"केशरच्या अंगाला बघ," हैबती म्हणाला.

"केशर गवत खाते. मी रोज बघते."

"तुला जेवढं दाखवतात तेवढं तू बघतेस," हैबती म्हणाला आणि त्यानं तोबरा पारवीच्या तोंडाला बांधला.

पावसाळा सरत आला. एके सकाळी कुंपणापलीकडं गडबड ऐकू आली. हैबती धावत जाऊन उभा राहिला. केशर पुढच्या पायानं जमीन खरवडत होती. वळून वळून स्वतःच्या कुशीकडं बघत होती. मधेच बसायला जाई, लोळायला बघे. तिचं पोट धरलं होतं.

खरं सांगायचं तर हैबतीला त्या क्षणी बरं वाटलं. पाण्याच्या घोटासारखं काहीतरी गार त्याच्या घशाखाली उतरलं. लगेच त्याला स्वतःची लाजही वाटली. पण तो कुंपण ओलांडून मदतीला गेला नाही. तो बघत उभा राहिला.

साळूबाईनं पुढ्यातलं गवत काढून घेतलं. कोमट पाण्यात मीठ आणि ओवा घालून थोडं थोडं पाजलं. मग दावं हातात धरून ती केशरला अंगणात हळूहळू फिरवू लागली. दोन फेऱ्या झाल्या की थांबायची, केशरच्या कुशीला कान लावायची, पुन्हा फिरवायची. दुपारी तिनं घोडी सावलीत उभी केली आणि स्वतः उंबऱ्यावर बसून भाकरी खाल्ली.

हैबतीला ते फार लागलं. घोडी तळमळते आहे आणि ही बाई भाकरी खाते. चटणी पण घेतलीय.

दुसऱ्या दिवशी दुपारी केशरनं लीद टाकली. साळूबाई ती लीद बघून हसली. एकटीच, मोकळेपणानं हसली, आणि घोडीच्या मानेवर थाप मारून म्हणाली, "झालं गं बाई. सुटलीस." पुढचे काही दिवस ती केशरला सकाळ-संध्याकाळ ओढ्याकाठच्या वडापर्यंत चालवत नेई आणि कोंड्याची पातळ पेज पाजी.

हैबतीला झोप लागेना. ज्या दुखण्यानं गावातल्या धडधाकट घोड्या गेल्या, त्यातून केशर दीड दिवसात उठली. हिच्याकडं काहीतरी औषध आहे, त्याला वाटलं. मित्र मरताना हिला सांगून गेला असेल. मला नाही सांगितलं.

आणि चार दिवसांनी पारवी आजारी पडली.

सकाळी हैबती दावणीपाशी गेला, तर ती पुढचे पाय लांब ताणून, सगळा भार मागं टाकून उभी होती. हाक मारली, पण ती हलली नाही. ओढलं तेव्हा एक पाऊल टाकलं, ते असं, की जणू खाली निखारे आहेत.

 एका दमात हैबतीच्या डोळ्यांसमोरून सगळं येऊन गेलं. पारवी मेली. तांडा त्याच्याशिवाय निघाला. गाव त्याच्या मागं हसतंय. केशर जन्मभर घंटा वाजवत पुढं चालते आहे. दाराशी रिकामं दावं लोंबतंय.

"गेली," तो सगुणाला म्हणाला. "आपली पारवी गेली."

"घोडी आजारी आहे," सगुणा म्हणाली. "गेली काय म्हणता? समोर उभी आहे. आक्कांना बोलवू का?"

साळूबाईला ती आक्का म्हणे.

"नाही. तिच्याच घरचं दुखणं कुंपण ओलांडून आलंय. आणि तिचं औषध मला ठाऊक आहे. मी सगळं बघितलंय."

त्यानं बघितलं होतं ते त्यानं केलं. कोमट पाण्यात मीठ आणि ओवा पाजला. मग दावं धरून पारवीला फिरवायला काढलं. ती पाऊल टाकेना, तर पुढून ओढलं आणि सगुणाला मागून ढकलायला लावलं. साळूबाई पातळ पेज देत होती, तर यानं दाट केली. कोंड्यात हरभऱ्याचं पीठ घातलं, गूळ घातला. तिच्यापेक्षा आपलं औषध जोरदार असलं पाहिजे, असं त्याला वाटत होतं.

दोन दिवस गेले. पारवीचं चालणं आणखी वाईट झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साळूबाई कुंपणापाशी आली. ती बराच वेळ पारवीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "भावजी, एक सांगू का? तिला चालवू नका. तिचं पोटाचं नाही वाटत मला. पायात आहे."

हैबतीनं मान वर केली नाही. "तुम्ही तुमच्या केशरला चालवत होता की."

"केशरचं पोट धरलं होतं. हिची उभं राहायची तऱ्हाच वेगळी आहे. आत येऊन बघू का मी?"

"नको, वहिनी. माझं मी बघतो."

साळूबाईनं एकदा पारवीकडं बघितलं. "बरं," म्हणाली आणि निघून गेली.

ती गेल्यावर हैबती सगुणाला म्हणाला, "कळलं का? हंगामाला पंधरा दिवस राहिलेत. पारवी दावणीलाच राहावी, म्हणून सांगायला आली होती. तिला चालवू नका म्हणे."

"असं का बोलता?" सगुणा म्हणाली. "त्या बाईनं कधी कुणाचं वाईट चिंतलंय?"

 साळूबाई केशरला वडापर्यंत नेत होती. त्या दिवशी हैबतीनं पारवीला वडाच्याही पुढं, टेकाडाच्या पायथ्यापर्यंत नेलं. जायला सकाळ लागली आणि यायला दुपार. वाटेत लोक थांबून बघत होते. एक म्हातारा म्हणाला, "हैबती, जनावर दमलंय रे." हैबतीला ते ऐकूच गेलं नाही. वडाखाली त्याला केशरच्या पावलांचे ठसे दिसले होते आणि पारवीची पावलं त्यांच्यापुढं गेली, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

घरी आल्यावर पारवी खाली बसली. मग आडवी झाली. पेज पुढं ठेवली तर तोंड फिरवलं. हैबतीनं हाका मारल्या, मान उचलून धरली, दावं ओढलं. ती उठली नाही. तिच्या अंगाला घाम सुटला होता आणि श्वास जोरजोरात चालला होता.

हैबती भिंतीला टेकून खाली बसला. त्यानं डोकं धरलं आणि पुटपुटायला लागला. आता पाठीवरून मीठ कोण नेणार? नवी घोडी कुठून आणणार? लोक काय म्हणतील? केशर कशी बरी झाली? तीच कशी बरी झाली? सगुणा पारवीचा घाम फडक्यानं पुसत होती. तिनं पुसणं थांबवलं नाही, पण ती म्हणाली, "एक विचारू?"

"काय?"

"पावसाळा सुरू झाल्यापासून तुम्ही कुणाच्या घोडीकडं बघताय?"

हैबतीनं डोकं वर केलं.

"केशर किती खाते ते तुम्हाला ठाऊक. केशर कधी लोळली, कधी उठली, कुठवर चालली, सगळं ठाऊक. पारवीच्या पायाला एकदा तरी हात लावलात का? ती बाई पायात आहे म्हणून सांगून गेली. खरं की खोटं, हे बघायला एक हात लावायचा होता फक्त."

 हैबती सरकत पारवीजवळ गेला आणि त्यानं तिच्या पुढच्या खुरावर तळहात ठेवला. चुलीवरून उतरवलेल्या भांड्यासारखा खूर तापला होता. दुसरा खूरही तसाच. खुराच्या वर, जिथं कातडं सुरू होतं, तिथं शीर थाडथाड उडत होती. पारवीनं त्याच्याकडं मान वळवली. त्या जनावराच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं हैबतीला वाटलं.

तो उठला. कुंपणाच्या फटीशी न थांबता तो वळसा घालून साळूबाईच्या पुढच्या दाराशी गेला. ती धान्य निवडत होती.

"वहिनी," तो म्हणाला, "पारवी उठत नाही. तुमचं ऐकलं नाही मी. येता का?"

साळूबाईनं सूप खाली ठेवलं आणि ती त्याच्याबरोबर निघाली.

तिनं चारी खुरांना हात लावला. मग हैबतीला विचारलं, "चंदी किती देत होता?"

हैबतीनं सांगितलं.

"रोज? आणि काम काही नाही?"

"नाही."

"एवढी कशासाठी हो?"

हैबतीनं सगुणाकडं बघितलं, मग जमिनीकडं. खोटं बोलायला एक क्षण होता. तो त्यानं जाऊ दिला. "तुमच्या केशरपेक्षा ती उजवी दिसावी म्हणून," तो म्हणाला. "घंटा परत मिळावी म्हणून."

 पारवीचा श्वास जोरात चालला होता.

"बसून खाल्लेल्या दाण्याचा दाह खुरांत उतरलाय," साळूबाई शेवटी म्हणाली. "त्यावर चालवलीत. आता एक दाणा द्यायचा नाही, गूळ नाही, पेज नाही. वाळलं गवत आणि पाणी. हिच्याखाली जाड, मऊ अंथरायचं. आणि ओढ्यातली गार चिकणमाती आणून चारी खुरांना लिंपायची. सुकली की काढायची, दुसरी लावायची. कोमट होऊ द्यायची नाही."

"औषध?" हैबतीनं विचारलं.

"हेच."

"आणि केशरला काय दिलं होतं? कुठली मुळी वगैरे..."

"मीठ आणि ओवा. तुम्ही बघितलंत की. बाकी केशर आपली आपणच उठली." साळूबाईच्या ओठांवर हसू आलं आणि गेलं. "चला, टोपल्या घ्या."

ते ओढ्यावर गेले. हैबतीनं हातांनी माती उपसली, साळूबाईनं टोपल्या भरल्या, सगुणानं घरी गवत पसरलं. माती लिंपून होईतो ऊन कलायला लागलं होतं. लिंपता लिंपता हैबतीचं तोंड पुन्हा सुरू झालं.

"वहिनी, वाचेल का?"

"ठाऊक नाही."

"वाचली तर चालेल का? घाट चढेल का? आणि नाही चढली तर आम्ही करायचं काय? म्होरक्याला काय सांगू? उद्या अजून बिघडलं तर..."

"भावजी," साळूबाई म्हणाली, "ह्यातलं आत्ता, दिवस मावळायच्या आत, काय करायचंय?"

हैबतीनं विचार केला. "माती ओली ठेवायची."

"मग तेवढंच. उद्याचं उद्या विचारा मला. उद्याही मी ठाऊक नाही म्हणेन, पण विचारा."

"तुम्हाला काळजी वाटत नाही?" त्यानं विचारलं. "केशर लोळत होती तेव्हा तुम्ही भाकरी खाल्लीत. मी बघितलं."

"वाटली की. घास उतरत नव्हता. पण संध्याकाळी पुन्हा तिला फिरवायचं होतं. उपाशी मी फिरवली असती कशी?" तिनं खुराला माती दाबून बसवली. "मला घोडी एकच आहे, भावजी. काळजीत मी पडून राहिले, तर तिच्याजवळ दुसरं कोण आहे?"

हैबती काही वेळ माती कालवत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "तुमची घोडी आजारी पडली तेव्हा मला बरं वाटलं होतं."

सगुणानं चपापून वर बघितलं. साळूबाईचे हात थांबले. 

"सहा वर्षं पारवीच्या मागची धूळ मी खाल्लीय," ती म्हणाली. "पहिली तीन वर्षं तर माझे हे होते, आम्ही दोघं मागून चालायचो. घरी आल्यावर ते म्हणायचे, हैबतीची घोडी काय डौलात चालते. मला राग यायचा. मनात म्हणायचे, एकदा हिचा पाय घसरावा."

"मग?"

"मग काय. केशरला पाणी दाखवायचं असायचं. पाणी दाखवायला जायचे. मनात काय काय येतं, भावजी. ते आलं म्हणून दावणीचं काम थांबत नाही."

तिनं पुढच्या खुराला माती लावायला घेतली.

पारवी दुसऱ्या दिवशीही उठली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सगुणा आणि हैबती पाळीपाळीनं माती बदलत होते, तिला या कुशीवरून त्या कुशीवर करत होते. हैबतीच्या मनात मरणाचे विचार येत. आले की तो माती चाचपून बघे. कोरडी असली तर बदले, ओली असली तर पारवीची मान खाजवे. चौथ्या दिवशी सकाळी ती धडपडत उभी राहिली. थरथरत होती, पण उभी होती. हैबतीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तो माती आणायला गेला.

पुढं दहा-बारा दिवसांनी तांडा निघाला. साळूबाई निघण्याआधी दाराशी आली. "मी थांबू का?" तिनं विचारलं. "या खेपेला केशर नाही गेली तरी चालेल."

"जा, वहिनी," हैबती म्हणाला. "आम्हाला येतंय आता."

थोड्याच वेळानं गावाबाहेरून घंटा ऐकू आली. केशर पुढं होती. हैबतीच्या छातीत टोचलं. अगदी पहिल्यासारखंच टोचलं. त्याला वाटलं होतं, आता टोचणार नाही. तो वाट बघत उभा राहिला, पण ते काही लगेच गेलं नाही. तेवढ्यात त्याचं लक्ष पारवीच्या डाव्या खुराकडं गेलं. माती सुकून तडकली होती. तो खाली बसला, सुकलेली माती काढली आणि नवी लिंपली. लिंपून होईपर्यंत तांडा पहिलं वळण चढून गेला होता.

पारवी जगली. पण तिचे खूर पहिल्यासारखे झाले नाहीत. कठीण जमिनीवर ती दोन्ही पुढचे पाय जपून टाकी. घाट तिला पुन्हा कधी चढता आला नाही. सहा वर्षं तांड्याच्या पुढं चाललेली घोडी त्यानंतर ओढ्याकाठच्या मऊ मळ्यांतून गवताचे हलके भारे आणायची, आणि हैबती तिच्याशेजारून, तिच्याच चालीनं चालायचा. मीठ वाहायचं त्याचं काम सुटलं. घरात ओढाताण झाली. सगुणानं दुसऱ्यांच्या शेतात कामं केली. हे सगळं हैबतीच्या हातांनी झालं होतं, आणि ते त्याला विसरता आलं नाही.

मात्र त्याच्या हातांना आजारी जनावराची ओळख झाली होती. आधी गल्लीतल्या लोकांनी बोलावलं, मग गावातल्या. जिथं त्याला कळत नसे, तिथं तो साळूबाईला घेऊन जाई, आणि तिलाही कळलं नाही तर दोघं तसं स्पष्ट सांगत. पाच-सात वर्षांत घाटाखालच्या गावांतून लोक आपली तट्टं घेऊन त्याच्या दाराशी येऊ लागले.

एकदा लांबच्या गावाहून एक माणूस आला. त्याच्याबरोबर एक पांढरं, हाडकुळं तट्टू होतं. माणूस दाराशी पोचल्या पोचल्या बोलायला लागला.

"आमच्या शेजाऱ्याचं तट्टू तुम्ही बरं केलंत. आता ते कसं टणटणीत झालंय. त्याला जे दिलंत तेच मला द्या, पण जरा जास्त द्या. त्याचं तट्टू आधीच आमच्यापेक्षा धट्टंकट्टं. आणि लवकर द्या, माझ्या जिवाला चैन नाही. हे मेलं तर मी काय करू, मेलं तर..."

हैबतीनं त्याला ओट्यावर बसवलं. सगुणानं पाणी दिलं. माणूस पाणी प्यायला आणि पुन्हा शेजाऱ्याचं तट्टू काय काय खातं ते सांगायला लागला.

"शेजाऱ्याचं राहू दे बाबा," हैबती म्हणाला. "इकडं ये. हात दे तुझा."

त्यानं त्या माणसाचा हात धरला आणि तट्टाच्या गळ्याखाली नेऊन ठेवला. तिथं लिंबाएवढी गरम गाठ होती. माणूस दचकला. त्यानं गाठ पुन्हा चाचपली, मग तट्टाच्या तोंडाकडं बघितलं, जणू घरून निघाल्यापासून पहिल्यांदाच बघत होता.

"हे कधीपासून आहे?" हैबतीनं विचारलं.

माणसाला सांगता येईना. तो ओशाळून उभा राहिला.

"असू दे," हैबती म्हणाला. "आता कळलं ना. पाणी तापव, शेकायला लागू. शेकून झालं की पुढचं बघू."

माणूस चुलीकडं गेला. पाणी तापेपर्यंत त्याच्या तोंडून शेजाऱ्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

लहानथोर मंडळींनो, या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: नजर शेजाऱ्याच्या दावणीला बांधली की आपल्या दावणीचं दुखणं कळत नाही, आणि हात आपल्या जनावरावर ठेवला, की हेवाही आवरतो आणि काळजीही जेवढ्यास तेवढी राहते.